आजाचा गोटा



आज तुम्हाला माझीच एक फजिती सांगणार आहे. गुरुजींची फजिती म्हटल्यावर तुम्ही सगळे सावरून बसला असाल, ठाऊक आहे मला! पण ही फजिती जरा वेगळी आहे. ती माझी मला कळायला पाच वर्षं लागली, आणि कळली तेव्हा हसू काही आलं नाही.

मी प्राथमिक शिक्षक. डी.एड. झालो आणि 2014 साली माझी नेमणूक झाली गडचिरोली जिल्ह्यात, भामरागड तालुक्यातल्या एका छोट्या गावात. नकाशा काढा बरं. महाराष्ट्राच्या पार पूर्वेच्या टोकाला, छत्तीसगडच्या सीमेला लागून, इंद्रावती, पामुलगौतमी आणि पर्लकोटा या तीन नद्या जिथे भेटतात, तो हा भाग. गावातली जवळजवळ सगळी घरं माडिया गोंडांची. घरात बोलणं माडियात आणि शाळेचं पुस्तक मराठीत. मी वर्धा जिल्ह्यातला. मला माडियाचा एक शब्द येत नव्हता आणि पहिलीतल्या पोरांना माझी मराठी समजत नव्हती. पहिले सहा महिने आम्ही एकमेकांकडे बघून नुसते हसत होतो म्हणा ना!

मला व्हॉलीबॉलचं भारी वेड. मी गावाहून येताना चेंडू आणि जाळी घेऊनच आलो होतो. शाळेच्या मागे मोकळी जागा होती. तिच्या कडेने वाट जाते आणि वाटेच्या बाजूला ओळीने उभे दगड आहेत. काही गुडघ्याएवढे, काही छातीला लागतील एवढे. आकार कुणीही घडवलेला नाही, नुसते लांबट दगड उभे पुरलेले. मला वाटलं, शेताची हद्द असेल किंवा गुरं बांधायला ठोकले असतील. मी जाळीचं एक टोक बांधलं मोहाच्या झाडाला आणि दुसरं त्यातल्या सर्वांत उंच दगडाला. छान ताणली. पोरांना हाक मारली, ‘चला रे, या!’

पोरं आली. ओळीत उभी राहिली. पण चेंडूला कोणी हात लावीना! मी खूप आर्जवं केली, मग चिडलो. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी सकाळी येऊन बघतो, तर जाळी व्यवस्थित घडी करून शाळेच्या ओसरीवर ठेवलेली. वर वाऱ्याने उडू नये म्हणून एक लाकूड. ‘कोणी सोडली जाळी?’ सगळ्यांना विचारलं. उत्तर नाही. सगळ्यांना एकदमच रागे भरलो. मनाशी म्हटलं, या मुलांना खेळाची आवडच नाही. आणि जाळी पेटीत गेली.

मी दगडाबद्दल एकालाही विचारलं नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पाच वर्षं गेली. मी थोडी माडिया शिकलो, पोरं पुष्कळ मराठी शिकली. 2019 च्या जूनमध्ये सहावीला इतिहास शिकवत होतो. तुम्हीही वाचला असेल तो धडा, ‘इतिहासाची साधने’. भौतिक साधने म्हणजे किल्ले, नाणी, भांडी. लिखित साधने म्हणजे शिलालेख, ताम्रपट, ग्रंथ. आणि मौखिक साधने म्हणजे तोंडोतोंडी चालत आलेल्या कथा, गाणी. धडा संपल्यावर मी घरचा अभ्यास दिला. आपल्या गावातली इतिहासाची साधने शोधा आणि लिहून आणा.

दुसऱ्या दिवशी सगळ्या वह्या कोऱ्या. एकाच मुलाने लिहिलं होतं. नाव सांगत नाही त्याचं, तो लाजेल. सुवाच्य अक्षरात त्याने लिहिलं होतं : ‘आमच्या गावात किल्ला नाही. देऊळ नाही. राजा नाही. शिलालेख नाही. आमच्या गावाला इतिहास नाही.’

आणि मी काय केलं सांगू? लाल पेनाने खूण केली आणि लिहिलं, ‘बरोबर’.

रात्री झोपताना ते ‘बरोबर’ डोळ्यांपुढून हलेना. अकरा वर्षांचं पोरगं म्हणतं आम्हाला इतिहास नाही, आणि गुरुजी त्यावर सही करतात! पण खरं सांगतो, त्याला काय उत्तर द्यायचं ते मला तरी कुठे ठाऊक होतं?

दिवाळीच्या सुट्टीत नागपूरला गेलो, तेव्हा जुन्या पुस्तकांच्या दुकानात एक इंग्रजी पुस्तक हाती लागलं. उत्खननांविषयीचं. त्यात एक छायाचित्र होतं. चिखलाने माखलेली तरुण पोरं हातात पाण्याची नळी धरून माती धूत होती. नळी कशाला? मातीत खोदायला कुदळ लागते, फावडं लागतं. त्या नळीसाठी म्हणून मी ते पुस्तक घेतलं. शब्दकोश शेजारी ठेवून ते प्रकरण वाचायला मला आठ दिवस लागले. पुढे मोबाइलला रेंज मिळेल तेव्हा आणखी शोधून वाचलं. सुट्टी संपल्यावर ती गोष्ट वर्गात सांगितली. तीन दिवस पुरली. तुम्हालाही सांगतो.

अमेरिकेच्या नकाशात डावीकडे वरच्या कोपऱ्यात वॉशिंग्टन नावाचं राज्य आहे. (राजधानी वॉशिंग्टन वेगळी, ती पार दुसऱ्या टोकाला. परीक्षेत गोंधळू नका!) त्या राज्याच्या अगदी टोकाला, पॅसिफिक महासागराच्या काठी, नीआ बे नावाचं गाव आहे. तिथे राहतात मका नावाचे आदिवासी. वर्गात एकच हशा पिकला. ‘मक्याचे लोक!’ पण हे नाव कणसावरून आलेलं नाही. शेजारच्या जमातीने ते दिलेलं आहे, आणि त्याचा अर्थ ‘जेवू घालण्यात सढळ’ असा सांगतात. ते स्वतःला मात्र ‘खडक आणि समुद्रपक्षी यांच्याजवळ राहणारे’ अशा अर्थाच्या नावाने ओळखतात. हे लोक देवदाराच्या एका खोडातून कोरलेल्या होडीत बसून देवमाशाची शिकार करायचे. आठ माणसांची होडी आणि होडीहून मोठा देवमासा!

त्यांचं एक गाव होतं ओझेट. नीआ बेपासून पंचवीसएक किलोमीटर दक्षिणेला, समुद्राकाठी. शेकडो वर्षं नांदतं गाव. पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते रिकामं झालं. का, ओळखा बरं? पूर आला? साथ आली? शत्रू आला?

शाळा आली, मित्रांनो. सरकारने हुकूम काढला की मुलांनी शाळेत गेलंच पाहिजे. शाळा होती नीआ बेला. रोज पंचवीस किलोमीटर कोण जाणार? मग आईबाप मुलांना घेऊन तिकडे राहायला गेले, आणि ओझेट ओस पडलं. त्या काळच्या त्या शाळांमध्ये पोरांनी आपली भाषा बोलायची नाही, असा नियम. बोललं की शिक्षा.

इथे मी जरा थांबलो. एका मुलीने हात वर केला.

‘त्यांचे गुरुजी कुठले होते?’

‘बाहेरून आलेले.’

‘तुमच्यासारखे?’

मी ‘हो’ म्हणालो. दुसरं काय म्हणणार!

असो. तर मका लोकांमधली म्हातारी माणसं एक गोष्ट सांगायची. फार पूर्वी ओझेटमागचा डोंगर खचला, चिखलाचा लोंढा आला आणि माणसांसकट घरं गाडली गेली. ऐकणारे म्हणायचे, गोष्ट आहे. 1970 च्या हिवाळ्यात समुद्रावर मोठं वादळ झालं. लाटांनी किनाऱ्याचा काठ खाल्ला आणि त्या कापल्या गेलेल्या मातीतून लाकडी वस्तू डोकावायला लागल्या. घराच्या फळ्या, वल्हं, माशांचे गळ! तिकडून भटकणारे हौशी लोक त्या उचलून न्यायला लागले. ही बातमी मका जमातीचे तेव्हाचे प्रमुख एड क्लॅप्लानहू यांच्या कानी गेली. ते वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात शिकलेले. त्यांनी तिथले पुरातत्त्वज्ञ रिचर्ड डॉहर्टी यांना कळवलं. डॉहर्टींना ही जागा 1947 पासून माहीत होती. ते धावत आले. मका लोकांनी एक गोष्ट मात्र पक्की केली. सापडेल ते इथेच राहील, आमच्याकडे. विद्यापीठाच्या कपाटात जाणार नाही.

म्हाताऱ्यांची गोष्ट खरी निघाली. तीनशे ते पाचशे वर्षांपूर्वी एका क्षणात घरं गाडली गेली होती, आणि ओल्या चिखलात जशीच्या तशी राहिली होती. इथे माझ्या वर्गातल्या पोरांना काही समजवावं लागलं नाही, उलट त्यांनीच मला सांगितलं. सागाचं लाकूड नदीत कायम बुडून राहिलं तर टिकतं, आणि कधी ओलं, कधी सुकं असं राहिलं तर कुजतं. अगदी तेच! हवा पोचली नाही की लाकूड कुजवणारे जीव आपलं काम करू शकत नाहीत. एरवी जुन्या गावांत दगड आणि हाडं तेवढी उरतात, इथे टोपल्या उरल्या, दोऱ्या उरल्या, चटया उरल्या. पण भिजून भिजून त्या इतक्या मऊ झाल्या होत्या, की फावडं लागलं तर तुकडा पडायचा. म्हणून पाण्याची नळी! समुद्राचं पाणी पंपाने खेचायचं आणि हलकेच माती धुवायची. बाहेर काढलेलं लाकूड वाळू दिलं तर तडकणार, म्हणून ते मेणासारख्या एका रसायनाच्या पाण्यात बुडवून ठेवायचं, ते आत मुरेपर्यंत. हे काम चाललं अकरा वर्षं, 1981 पर्यंत. वस्तू मिळाल्या पंचावन्न हजारांवर. त्यात देवमाशाच्या पाठीवरच्या पराचा देवदारात कोरलेला एक भला मोठा आकार होता. त्यावर पाणमांजराचे सातशेहून जास्त दात बसवून नक्षी केलेली!

आणि आता छायाचित्रातल्या पोरांकडे येतो. विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांबरोबर तिथे मका मुलंमुलीही राबत होती. हायस्कुलातली, कॉलेजातली. माती धुता धुता एखादी वस्तू हाती यायची आणि प्राध्यापकांनाही कळायचं नाही, हे आहे काय? मग ती वस्तू नीआ बेच्या म्हाताऱ्या माणसांपुढे ठेवायची. ती हातात घेऊन फिरवायची, वास घ्यायची म्हणा ना, आणि सांगायची. याला असं म्हणतात, हे असं धरतात, माझी आजी हे वापरायची. पुस्तकात नसलेलं नाव आजीच्या तोंडात होतं! शाळेने बंद केलेली भाषा त्या पोरांना टोपल्यांच्या आणि गळांच्या नावांतून पुन्हा ऐकू आली.

1978 मध्ये मका भाषेची लिपी ठरली. 1979 मध्ये नीआ बेला त्यांचं स्वतःचं संग्रहालय उघडलं. त्याच्या कोठारात वस्तूंना मका भाषेतल्या चिठ्ठ्या आहेत, आणि वस्तू मांडल्या आहेत त्याही मका लोकांच्या समजुतीप्रमाणे. देवमाशाच्या शिकारीची हत्यारं बायकांनी हाताळायची नाहीत हा त्यांचा जुना रिवाज, तोही तिथे पाळला जातो. नीआ बेच्या शाळेत ती भाषा शिकवायला लागले. हे वेळेवर झालं बरं का. कारण लहानपणापासून मका भाषा बोलत आलेल्या शेवटच्या बाई, रूथ क्लॅप्लानहू, 2002 साली वारल्या. तेव्हा त्या शंभर वर्षांच्या होत्या.

गोष्ट संपली. वर्ग गप्प होता. मी खडू ठेवला आणि हात झटकले. तेवढ्यात तो मुलगा उभा राहिला. तोच, ‘इतिहास नाही’वाला.

‘गुरुजी, तुम्ही जाळी बांधली होती ना, तो गोटा माह्या आजाचा होय.’

मला आधी काही कळेचना. कुठली जाळी? मग एकदम आठवलं आणि अंगावर सर्रकन काटा आला. पाच वर्षं ते पोरगं माझ्यासमोर बसत होतं. जाळी बांधली तेव्हा ते पहिलीत होतं. त्याच्या आजाच्या नावाने उभा केलेला दगड, आणि त्याच्या गळ्यात मी दोरी बांधली होती. वर पुन्हा मीच चिडलो होतो! आणि पाच वर्षांत एकाही पोराने मला ते सांगितलं नव्हतं. कसं सांगणार? मी विचारलं होतं का?

शाळा सुटल्यावर त्याच्या घरी गेलो. आजी अंगणात धान पाखडत बसली होती. मी त्याला म्हटलं, ‘सांग आजीला, गुरुजींची चूक झाली.’ तो माडियात बोलला. आजी बराच वेळ काहीतरी बोलली. त्याने मराठीत दोनच वाक्यं केली.

‘आजी म्हणते, जाळी तिनंच सोडली होती. घडी पण तिनंच केली.’

मग आजी पुन्हा बोलली आणि तो हसला. ‘आजी म्हणते, आजाला चेंडू चालला असता. त्याला इचारलं नाही तुमी.’

त्या संध्याकाळी आजी बोलत राहिली आणि आम्ही ऐकत राहिलो. हळूहळू सगळा सहावीचा वर्ग अंगणात जमला. दगड कुठल्या डोंगरावरून आणला, किती जणांनी ओढला, वाटेत दोर कसा तुटला, त्या दिवशी किती गावं जेवली, हे सगळं तिने सांगितलं. माडियांमध्ये चार देवांची, पाच देवांची, सहा देवांची, सात देवांची अशी कुळं असतात. कोणाचा दगड कोणाशेजारी उभा राहील तेही ठरलेलं. म्हणजे मी जिला शेताची हद्द समजत होतो, ती अख्खी ओळ म्हणजे गावाची वंशावळ होती! लिहिता न येणाऱ्या माणसांनी दगडांनी लिहिलेली. भौतिक साधन वाटेवर उभं होतं, मौखिक साधन धान पाखडत होतं, आणि मी मात्र पोरांना पुस्तकातून व्याख्या पाठ करायला लावत होतो.

शेवटी आजी म्हणाली, तो दगड आता वाढला आहे. मेलेलं माणूस सुखात असलं की त्याचा दगड वाढतो. माझ्या तोंडावर आलं होतं, दगड कुठे वाढतात का? शाळेत विज्ञानही मीच शिकवतो ना! पण पोरांनीच तोडगा काढला. ‘मोजू या गुरुजी. पुढच्या सालीबी मोजू.’ टेप आणला. आजीने आधी दगडाजवळ जाऊन काहीतरी पुटपुटलं, मग आम्हाला हात लावू दिला. चार फूट सात इंच भरला. (पुढच्या वर्षी अर्धा इंच जास्त भरला. पावसाने बुडाची माती वाहून गेली, असं मी म्हणतो. आजी नुसती हसते.)

दुसऱ्या दिवशी त्या मुलाने वही माझ्यापुढे ठेवली. ‘गुरुजी, मग हे चूक ना?’ मी लाल पेन घेतलं आणि माझंच ‘बरोबर’ खोडलं. मुलांच्या चुका रोज खोडतो, स्वतःची खोडताना हात जरा अडखळतो, अनुभव घेऊन बघा.

मग आमची वही सुरू झाली. शंभर पानी, पुठ्ठ्याची. रकाने पोरांनीच ठरवले. क्रमांक, उंची, रुंदी, कोणाचा, कोणत्या कुळाचा, दगड कुठून आणला, आणि ‘आम्हाला कोणी सांगितलं’. मी त्यात ‘साल’ असा एक रकाना घालायला लावला. तो भरताना मजा यायची. ‘आजीच्या लग्नाआधी’, ‘मोठा पूर आला त्यानंतर दोन पावसाळ्यांनी’, ‘वाघाने बैल नेला ते साल’! मी म्हटलं, असू दे, हेही सालच आहे. नियमही पोरांनी केले. दगडावर बसायचं नाही. आधी त्या घरच्या माणसाला विचारायचं, मग टेप लावायचा. आणि कुठेही खणायचं नाही. हा शेवटचा नियम मात्र माझा. उत्खनन सरकारी परवानगीशिवाय करता येत नाही, कायदा आहे तसा. आणि कायदा नसता तरी सांगतो, खणलेली जागा पुन्हा न खणलेली करता येत नाही. कोणती वस्तू कशाशेजारी होती, किती खोल होती, ही माहिती एकदा विस्कटली की गेली. धनाच्या लोभाने जुन्या जागा उकरणारी माणसं तेवढंच करतात, भोक पाडतात आणि माहिती सांडून टाकतात.

महिन्याभरात आम्ही एकतीस दगड लिहिले. एकोणतीस दगडांची नावं मिळाली. दोन मिळाली नाहीत. ज्याला विचारावं तो एकाच म्हाताऱ्याचं नाव घेई, त्याला ठाऊक होतं म्हणे. तो म्हातारा त्याच वर्षी श्रावणात वारला होता. जूनमध्ये, मी तो घरचा अभ्यास दिला त्या दिवशी, तो शाळेच्या कुंपणापाशी बिडी ओढत बसलेला मी स्वतः पाहिला होता.

त्या दोन दगडांपुढे काय लिहायचं यावर वर्गात वाद झाला. मी म्हटलं, ‘अज्ञात’ लिहा, असं लिहितात. तो शब्द पोरांना आवडला नाही. ज्याला नाव होतं त्याला अज्ञात कसं म्हणायचं? शेवटी त्यांनी लिहिलं : ‘नाव विचारायचं राहिलं.’

जानेवारी 2020 मध्ये आमची सहल नागपूरला गेली. नागपूर म्हटल्यावर पोरांनी आगगाडी, विमान आणि लिफ्ट अशी यादी केली होती. मी त्यात जुनापाणी घातलं. काटोल रस्त्यावर, शहराला अगदी लागून ही जागा आहे. माळरानावर मोठमोठ्या दगडांची वर्तुळं, तीनशेच्या आसपास. रिव्हेट-कार्नॅक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकात त्यातली काही उघडून पाहिली. पुढे 1961-62 मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने तिथे उत्खनन केलं. वर्तुळांच्या आत मडकी मिळाली, लोखंडी हत्यारं मिळाली. काही दगडांवर वाटीसारखे लहान लहान खळगे ओळीने कोरलेले आहेत. ही अडीच ते तीन हजार वर्षांपूर्वीची दफनं आहेत. विदर्भात अशी पुष्कळ ठिकाणं आहेत. नागपूर जिल्ह्यातच नायकुंडला त्याच काळची लोखंड गाळायची भट्टी सापडली आहे. मृतांसाठी मोठे दगड उभारण्याच्या या जुन्या चालीला महापाषाणीय संस्कृती म्हणतात.

ती माणसं म्हणजे आजच्या गोंडांचे पूर्वज का? पोरांनी हे मला विचारलंच. मी सांगितलं, तसा पुरावा नाही. मध्ये दोन-अडीच हजार वर्षांचं अंतर आहे आणि दगडाला दगड जुळला म्हणून माणसाला माणूस जुळत नाही. पण हेही सांगितलं, की मेलेल्या माणसासाठी दगड कसा निवडतात, कसा ओढतात, का उभारतात, हे समजून घ्यायला शिकलेले अभ्यासक माडियांच्या गावांत येतात. मुकी वर्तुळं बघून जे कळत नाही, ते जिवंत माणसांना विचारून थोडं कळतं का बघतात.

‘म्हंजे आजीला इचारायला येतात?’

‘आजीलाच.’

आम्ही पोचलो तेव्हा तिथे दुसऱ्या एका शाळेची सहल आलेली होती. ती मुलं दगडांवर चढून फोटो काढत होती. त्यांची चूक नाही, त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. मी तरी पूर्वी काय केलं होतं? आमची पोरं वर्तुळाच्या बाहेर थांबली आणि कोणी काही न सांगता त्यांनी चपला काढल्या. मी माझं पाठ केलेलं भाषण सुरू केलं. किती वर्षं जुनं, किती मीटर रुंद, आत काय मिळालं. ते बिचारे ऐकत होते. मध्येच त्या मुलाने विचारलं,

‘गुरुजी, हा कोणाचा?’

आजवर मी ही जागा चार वेळा पाहिली होती. वाचलंही होतं. हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

‘माहीत नाही रे,’ मी म्हटलं. ‘कोणालाच माहीत नाही.’

त्याने दप्तरातून आमची वही काढली. सहलीला कशाला आणली होती, देव जाणे. जमिनीवर बसून त्याने पुढचा क्रमांक घातला, बत्तीस. ‘कोणाचा’ या रकान्यात लिहिलं : ‘नाव विचारायचं राहिलं.’ मग मान वर करून माळाकडे बघितलं आणि म्हणाला, ‘असे सगळे किती हायेत म्हणाले तुमी?’

‘तीनशेच्या आसपास.’

त्याने वहीची उरलेली पानं मोजली. पुरणार नव्हती. संध्याकाळी सीताबर्डीवर बाकीची पोरं लिफ्टने वरखाली करत होती, तेव्हा आम्ही दोघांनी एक नवी वही घेतली. दोनशे पानी.